‘मणक्याला हात लावला की पाय जातात’ : एका भीतीचा इतिहास (दीर्घ धागा)

बीड तालुक्यातील नारायणगड. नगद नारायण महाराजांचे हे स्थान मराठवाड्यात ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते. एकादशीला गडावर लोटणाऱ्या गर्दीत खोकला, ताप यांपेक्षा एक वेगळेच दुखणे जागोजागी दिसते : कमरेवर हात टेकवून चाललेली माणसे. कारण शोधायला दूर जावे लागत नाही. हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा ‘कोयता’ पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उतरतो. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन, फळीवरून तोल सांभाळत गाडीत चढवायची; आणि हे दिवसातून कित्येकदा, महिनोन्महिने.

या भागातल्या कोणत्याही पारावर विचारून पाहावे : कंबर इतकी दुखते, तर ऑपरेशन का नाही? उत्तर ठरलेले आहे. ‘मणक्याला हात लावला की पाय जातात.’

हे वाक्य अडाणीपणाचे म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ते करू नये. लोकसमजुती बहुधा कुठल्यातरी खऱ्या घटनेच्या पोटी जन्मतात आणि घटना विसरली गेल्यावरही मागे उरतात. ही भीती कुठून आली, ती एके काळी किती खरी होती आणि आज किती उरली आहे, याचा हा धागा.

आरंभ आपल्याच परंपरेतून करू. कंबर आणि पाय यांचा संबंध भारतीय वैद्यकाला फार पूर्वी कळला होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या प्रकरणात ‘गृध्रसी’ येते : कुल्ल्यापासून निघून कंबर, मांडी, गुडघा, पोटरी असे करत पावलापर्यंत उतरणारी वेदना. आज ज्याला आपण सायटिका म्हणतो, त्याच्याशी हे वर्णन अगदी जुळते. सुश्रुत त्याही पुढे जातो. कमरेतील वायू एका पायाच्या कंडरांना ग्रासतो तेव्हा माणूस ‘खंज’ होतो, दोन्ही पायांच्या ग्रासतो तेव्हा ‘पंगु’. मराठीतला ‘पांगळा’ याच शब्दकुळातला. कारणमीमांसा वाताची असली, तरी निरीक्षण नेमके आहे : पाय लुळा पडला तर दोष पायात नसून कमरेत असू शकतो.

लोकवैद्यकाने मात्र आपली वाट निराळी धरली. कमरेत उसण भरली की पायाळू माणसाचा, म्हणजे पायाकडून जन्मलेल्याचा, पाय पाठीला लावायचा. त्यानेही भागले नाही तर हाडवैद्य, नाहीतर डाग. तापवलेल्या सळईचा चटका ऐकून आजच्या वाचकाच्या अंगावर काटा येईल; पण अठराव्या शतकातील लंडनमध्ये याहून फार वेगळे काही चालले नव्हते.

१७७९ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी एक छोटा प्रबंध प्रसिद्ध केला. पाठीला बाक आलेल्या रुग्णांचे पाय का लुळे पडतात, हा त्याचा विषय. उपचार काय, तर बाकाच्या दोन्ही बाजूंना दाहक द्रव्याने जखमा करायच्या आणि त्या महिनोन्महिने वाहत्या ठेवायच्या. हा रोग म्हणजे मणक्याचा क्षय होता, हे पुढच्या शतकात स्पष्ट झाले. नाव मात्र पॉट यांचेच राहिले.

मणका उघडून पाहण्याचे धाडस त्यानंतरचे. १८१४ साली लंडनमध्ये हेन्री क्लाइन यांनी मणका मोडलेल्या एका रुग्णावर शस्त्रक्रिया केली. रुग्ण दगावला. त्यावरून मोठा वाद पेटला. चार्ल्स बेल यांनी अशा शस्त्रक्रियेला कडाडून विरोध केला, तर ॲस्टली कूपर यांनी तिची बाजू घेतली. थोडक्यात, ‘मणक्याला हात लावू नये’ हे मत आधी पारावरच्या म्हाताऱ्यांचे नव्हतेच. ते युरोपातील नामांकित वैद्यांचे होते.

आणि ते बरोबर होते! भूल नाही, जंतूंची कल्पना नाही, क्ष-किरण नाहीत. कोणता मणका उघडायचा हेच ठरवता येत नव्हते. उघडला तर जखम सडे, आणि सड मज्जारज्जूच्या आवरणात शिरली की माणूस हाती लागत नसे.

भूल १८४६ मध्ये आली, लिस्टर यांची जंतुनाशक पद्धत १८६७ मध्ये. त्यानंतर वीस वर्षांनी, ९ जून १८८७ रोजी, लंडनच्या क्वीन स्क्वेअर येथील रुग्णालयात एक असाधारण प्रसंग घडला. गिल्बी नावाचा कॅप्टन तीव्र वेदनांनी आणि लुळ्या पायांनी अंथरुणाला खिळला होता. विल्यम गॉवर्स यांनी केवळ लक्षणांवरून निदान केले की मज्जारज्जूवर गाठ दाब देत आहे. तीस वर्षांच्या व्हिक्टर हॉर्सली यांनी पाठ उघडली. अपेक्षित जागी काहीच नव्हते. तिथेच टाके घालून थांबता आले असते. पण आणखी थोडे वर जायचे ठरले. हाड काढले, आणि बदामाएवढी गाठ दिसली. गिल्बी पुढे चालू लागला, कामावर परतला.

मणक्याच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात हा दिवस सोन्याचा मानतात, आणि ते योग्यच आहे. तरीही त्यातली एक बाब नजरेआड होऊ नये. निदान शंभर टक्के बरोबर असूनही जागा चुकली होती. पुढे कित्येक दशके मणक्याच्या शस्त्रक्रियेत पाय गेले, त्यांतील काही याच कारणाने : आतले काहीच न दिसता आत शिरावे लागत होते.

भारताच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे प्रकरण क्षयाचे आहे, आणि इथेच आपल्या पारावरच्या वाक्याचे एक मूळ सापडते.

मणक्याची रचना घराच्या भिंतीसारखी समजा. पुढच्या बाजूला जाड दगड, म्हणजे मणक्याची धडे. मागच्या बाजूला कमानी. मधल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. क्षय बहुतेक वेळा पुढचे दगड खातो. भिंत पुढे झुकते, पोकळीत पू आणि हाडाचे तुकडे साचतात, पाय कमजोर होतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शल्यविशारदांनी विचार केला, दाब मोकळा करू. आणि मागच्या कमानी काढल्या. यालाच लॅमिनेक्टमी म्हणतात. परिणाम काय झाला? पुढची बाजू रोगाने खाल्लेली, मागची बाजू वैद्याने काढलेली. उरलासुरला आधारही गेला. बाक वाढला आणि जे पाय थोडेफार हलत होते, तेही थांबले.

हे काही एखाद-दुसऱ्या अकुशल हाताचे अपयश नव्हते. पद्धतच चुकीच्या बाजूने जात होती. हे पूर्ण उमगायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. १९५६ साली हाँगकाँगच्या हॉजसन आणि स्टॉक यांनी पुढच्या बाजूने रोगापर्यंत पोहोचण्याची पद्धत मांडली. तोवर स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यामागून इतर क्षयरोधक औषधे आली होती. १९७५ साली वाराणसीच्या सु. म. तुली यांनी ‘मध्यम मार्ग’ प्रसिद्ध केला : आधी औषधे आणि विश्रांती, आणि गरज असेल त्यालाच शस्त्रक्रिया. कित्येकांचे पाय एकही टाका न घालता परत आले. भारतासारख्या क्षयग्रस्त देशात जुन्या पिढीने पाहिलेल्या ‘मणक्याच्या ऑपरेशनां’त क्षयाची प्रकरणे बरीच असणार, हे उघड आहे. त्या पिढीने जे पाहिले ते खोटे नव्हते.

आता ऊसतोडीच्या मोळीकडे परत येऊ. १९११ साली ग्लासगोच्या मिडलटन आणि टीचर यांनी एका मजुराची हकीगत नोंदवली. जमिनीवरची जड धातूची पाटी उचलताना त्याच्या पाठीत ‘कट्’ असा आवाज झाला. पाय लुळे पडले आणि काही दिवसांनी तो दगावला. शवविच्छेदनात आढळले की दोन मणक्यांमधल्या चकतीचा गाभा फुटून मागे, थेट मज्जारज्जूवर आला होता. त्याच वर्षी बोस्टनच्या जोएल गोल्डथवेट यांनीही कंबर आणि पाय यांच्या दुखण्यात चकतीचा हात असावा, असा तर्क मांडला.

तर्क होता, पण वैद्यकाला तो पचला नाही. बर्लिन येथे ओपेनहाइम आणि क्राउझे यांनी १९०८ मध्ये असाच एक चकतीचा तुकडा काढून रुग्णाला बरे केले होते. पण त्यांना वाटले, ही कूर्चेची गाठ आहे. पाव शतकभर शल्यविशारद चकत्या काढत होते आणि ‘गाठ काढली’ असे लिहीत होते. अखेर १९३४ साली मिक्स्टर आणि बार यांनी १९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि सांगितले की ही गाठ नाही, सरकलेली चकती आहे. ‘गादी सरकली’ हा आज गावागावांत ऐकू येणारा शब्दप्रयोग त्या लेखाचाच दूरचा वंशज.

इथे शरीररचनेतील एक गोष्ट समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. मज्जारज्जू कमरेपर्यंत जातच नाही. प्रौढ माणसात तो साधारण पहिल्या-दुसऱ्या कटिमणक्यापाशी संपतो. त्याखाली उरतो तो नसांचा झुपका. जुन्या शरीरशास्त्रज्ञांना तो घोड्याच्या शेपटीसारखा दिसला आणि ‘अश्वपुच्छ’ हे नाव रूढ झाले. कमरेच्या खालच्या भागातील बहुतेक शस्त्रक्रिया या झुपक्याच्या परिसरात होतात. नसा रज्जूपेक्षा चिवट असतात. सुटी नस थोडी ढकलली तरी सहसा तग धरते. म्हणूनच कमरेच्या शस्त्रक्रियेने दोन्ही पाय कायमचे जाणे ही दुर्मीळ घटना आहे.

दुर्मीळ, पण अशक्य नव्हे. शस्त्रक्रियेनंतर रक्त साचून गोळा झाला तर तो काही तासांत नसा चिरडू शकतो. मुळाशी चिकटलेली चकती सोडवताना नस ताणली जाते. आवरण फाटते, जंतुसंसर्ग होतो, स्क्रू वाकडा बसतो. पाचव्या कटिनसेला इजा झाली तर पाऊल वर उचलले जात नाही. चालताना चप्पल पायातून निसटते आणि माणसाला पत्ताही लागत नाही. रज्जू संपतो त्याच्या वरच्या पातळीवर, म्हणजे छातीच्या मणक्यांत, धोका याहून मोठा. लोकभाषेत मात्र मान, छाती, कंबर असा भेद नाही. सगळाच ‘मणका’. एका ठिकाणचे अपयश दुसऱ्याच्या खात्यावर चढते.

आणखी एक गोंधळ आहे, तो सुईचा.

१६ ऑगस्ट १८९८ रोजी जर्मनीत कील येथे ऑगस्ट बिअर यांनी मज्जारज्जूच्या द्रवात कोकेन टोचून पाय बधिर केले आणि शस्त्रक्रिया केली. काही दिवसांनी त्यांनी आपला सहायक हिल्डेब्रांट याच्यावर हाच प्रयोग केला. बधिरता तपासण्यासाठी त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडा मारून पाहिला! बिचाऱ्याला तेव्हा काही जाणवले नाही. नंतरच्या दिवसांत मात्र चांगलेच जाणवले. ही पद्धत जगभर पसरली. कमरेत सुई, पाय काही तास निर्जीव, मग पूर्ववत.

१३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे दोन मजूर पूर्ववत झाले नाहीत. वूली आणि रो. एकाचे अंडवृद्धीचे किरकोळ ऑपरेशन, दुसऱ्याचे गुडघ्याचे. दोघांनाही कमरेत भूल दिली गेली आणि दोघांचेही पाय कायमचे गेले. खटला उभा राहिला. काचेच्या कुप्या निर्जंतुक राहाव्यात म्हणून फिनॉलमध्ये बुडवून ठेवत. डोळ्यांना न दिसणाऱ्या तड्यांतून ते आत झिरपले असावे, असे न्यायालयाने मानले. डॉक्टर दोषी ठरले नाहीत. १९४७चा अपघात १९५४च्या चष्म्यातून पाहू नये, अशा आशयाचे लॉर्ड डेनिंग यांचे मत आजही कायद्याच्या वर्गात शिकवले जाते. पुढच्या अभ्यासकांनी तड्यांचा सिद्धांत नाकारून उकळण्याच्या भांड्यात राहिलेल्या आम्लाकडे बोट दाखवले. इतिहासकाराला यातली कायद्यापेक्षा दुसरी बाजू अधिक बोलकी वाटेल : या एका खटल्यानंतर ब्रिटनमधील डॉक्टरांनीच कमरेतील भूल कित्येक वर्षे जवळजवळ टाळली. विद्यापीठात शिकलेले, पुरावा मागणारे लोक. त्यांनीही दोन पांगळे पाहिले आणि हात मागे घेतला. आपल्याकडे बाळंतपणात ‘कमरेत इंजेक्शन’ म्हटल्यावर सासू-सुना दचकतात, त्यांना हसण्याआधी हे आठवावे.

ही भीती दूर झाली ती मोजदादीने. १९५४ सालीच अमेरिकेत ड्रिप्स आणि वँडम यांनी कमरेत दिलेल्या १०,०९८ भुलींचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. नीट काळजी घेतली तर पाय कायमचे जाण्यासारखी मोठी मज्जासंस्थेची हानी त्यांना आढळली नाही.

भारतात मेंदू व मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विभाग वेल्लोरला १९४९ मध्ये जेकब चँडी यांनी सुरू केला. मुंबईत १९५०च्या दशकात राम गिंडे, होमी दस्तूर यांसारख्यांनी हे शास्त्र रुजवले. मराठवाड्याला मात्र फार वाट पाहावी लागली. बीड जिल्ह्यात अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७०च्या दशकात उभे राहिले, आणि तिथेही मज्जाशल्यक्रिया लगेच आली असे नाही. तोवर बीडच्या माणसासाठी मणक्याचे ऑपरेशन म्हणजे पुणे, मुंबई नाहीतर हैदराबाद. जमीन गहाण टाकून, परक्या शहरात, अगदी शेवटच्या क्षणी.

या ‘शेवटच्या क्षणी’तच सगळी मेख आहे. नस जितका काळ दबलेली, तितकी ती परतण्याची आशा कमी. पाय आधीच कमजोर होत होता. घरच्यांनी तो ‘वात’ समजून वर्षभर तेल चोळले. मग ऑपरेशन झाले आणि पाय सुधारला नाही. गावाच्या स्मृतीत नोंद कोणती झाली? ‘ऑपरेशन केलं, पाय गेला.’ त्या नोंदीमुळे पुढचा रुग्ण आणखी उशिरा गेला, त्याचा निकाल आणखी वाईट लागला आणि वाक्य आणखी पक्के झाले. भीती अशी स्वतःचाच पुरावा तयार करते.

दुसरे असे, की बरा झालेला माणूस गावाला दिसत नाही. तो पुन्हा शेतावर जातो, कोयता घेतो, त्याच्या पाठीवरचा वण सदऱ्याखाली झाकला जातो. ज्याचा पाय गेला, तो मात्र तीस वर्षे ओट्यावर बसून असतो आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला पाहतो. गावाची आकडेवारी ओट्यावरून तयार होते.

दरम्यान शास्त्राची साधने बदलली. पूर्वी आतले दिसावे म्हणून मज्जाद्रवात तेलकट रंजकद्रव्य टोचत. त्यानेच काहींच्या नसा एकमेकींना चिकटून पायांची नवी दुखणी उभी राहत. एमआरआयने १९८०च्या दशकात ती गरज संपवत आणली. १९७७ मध्ये यासरगिल आणि कॅस्पर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली चकती काढण्याची पद्धत मांडली. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री परिचारिका पुन्हा पुन्हा येऊन पायाचा अंगठा हलवायला सांगते, लघवी झाली का विचारते, त्यामागे हाच सगळा इतिहास उभा आहे. ऑपरेशननंतर पायातली ताकद उतरू लागली, बैठकीची जागा बधिर झाली, लघवी अडली, तर सकाळपर्यंत थांबायचे नसते. साचलेले रक्त वेळेत काढले तर गेलेला पाय परत येऊ शकतो. रात्री दोन वाजता डॉक्टरांना उठवायला संकोचणाऱ्या नातेवाइकांनी एवढे एक लक्षात ठेवावे.

शेवटी पारावरच्या वाक्यातला न उच्चारलेला भाग. ‘पाय जातात’ या शब्दांत ‘म्हणजे माणूसच जातो’ हे गृहीत आहे. तेही एके काळी अक्षरशः खरे होते. पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांपैकी बहुतेक जण शय्याव्रण आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावले. हे चित्र पालटले ते नाझी जर्मनीतून निसटलेल्या लुडविग गटमन या ज्यू डॉक्टरने. १९४४ मध्ये इंग्लंडच्या स्टोक मँडेविल रुग्णालयात त्याने दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्यासारखे साधे नियम कठोरपणे पाळायला लावले. माणसे जगू लागली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, त्याने रुग्णालयाच्या हिरवळीवर चाकाच्या खुर्चीतल्या १६ जणांची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचा उगम तो.

आणि त्याच धाग्याचे महाराष्ट्रातले टोक म्हणजे सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर. लष्करातला हा मुष्टियोद्धा १९६५च्या युद्धात सियालकोट आघाडीवर गोळ्या लागून कमरेखाली लुळा झाला. उपचाराचा भाग म्हणून तो पाण्यात उतरला. १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्याने ५० मीटर मुक्त जलतरणात ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ देत भारताला या स्पर्धांतले पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. दोन वर्षांनी, १९७४ मध्ये, पुण्याजवळ खडकी येथे जखमी जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. पेटकरांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडले. लागलेल्या गोळ्यांपैकी एक त्यांच्या मणक्यात तशीच राहिली. तिला कोणी हात लावला नाही.